मध्यम एसयूव्ही : वऱ्हाडातले समज आणि वस्तुस्थिती

सोयाबीन घरात येतं, कापसाचा पहिला वेचा विकला जातो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास अमरावती-अकोल्याच्या शोरूमसमोर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. २०१२ मध्ये डस्टर आणि २०१५ मध्ये क्रेटा आली, तेव्हापासून या रांगेत सव्वाचार-साडेचार मीटर लांबीच्या उंच गाड्या वाढत गेल्या. सेल्टोस, ग्रँड व्हिटारा, हायरायडर, एलिव्हेट ही नावं आता तालुक्याच्या गावीही घरोघर ठाऊक आहेत.

घर-वावराच्या खालोखालचा हा खर्च. पण त्याचा निर्णय बऱ्याचदा पानठेल्यावर किंवा लग्नाच्या मांडवात ऐकलेल्या सल्ल्यावर होतो. त्यातले काही सल्ले जुन्या जीपच्या काळातले, काही दुसऱ्या राज्यातल्या नियमांवरचे, तर काही सरळ जिवावर बेतणारे आहेत. आपल्याकडचं ऊन, माती आणि पाणी ध्यानात घेऊन ते एकेक तपासून पाहू.

गैरसमज : "गाडी उच्ची हाये भाऊ, पांदणीतून कुठूनबी निंघते."

वस्तुस्थिती : या वर्गातल्या बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा ग्रँड व्हिटारासारख्या मोजक्याच गाड्यांच्या ठरावीक मॉडेलांत मिळते. उंचीमुळे गाडीचं पोट धुऱ्याला किंवा गतिरोधकाला घासत नाही, एवढाच तिचा फायदा. कंपनी छापते तो ग्राउंड क्लिअरन्सचा आकडाही बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि मागे तुरीची दोन पोती टाकली की तो कमी होतो.

खरी अडचण काळ्या मातीची आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या खाचा दोन-चार फेऱ्यांतच तिने भरून जातात आणि टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरायला लागतो. तेव्हा अॅक्सिलरेटर दाबत राहिलं तर चाक आणखी खोल जातं. चाकाखाली तुराट्या किंवा दगड टाकून हलक्या पायाने गाडी मागे घेणं हाच मार्ग. भर पावसाळ्यात रोज वावरात जायचं असेल, तर खऱ्या फोर बाय फोरचा वेगळा विचार करा किंवा गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून पुढे चालत जा.

गैरसमज : डिझेल गाडी नेहमीच परवडते.

वस्तुस्थिती : हिशेब मांडून पाहू. पेट्रोल गाडीची किंमत १३ लाख आणि तशाच डिझेल गाडीची साडेचौदा लाख धरा. १० ते २० लाखांच्या खासगी गाडीला महाराष्ट्रात पेट्रोलवर १२ टक्के, तर डिझेलवर १४ टक्के रोड टॅक्स लागतो. किंमत आणि टॅक्स मिळून डिझेल गाडी सुमारे १ लाख ९७ हजारांनी महाग पडते. आता पेट्रोल १०४ रुपये लिटर व अॅव्हरेज १४, आणि डिझेल ९१ रुपये लिटर व अॅव्हरेज १८ धरलं, तर डिझेल गाडीत किलोमीटरमागे साधारण २ रुपये ३७ पैसे वाचतात. म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला सुमारे ८३ हजार किलोमीटर लागतील. वर्षाला २५ हजार किलोमीटर फिरणाऱ्या व्यापाऱ्याला ते सव्वातीन वर्षांत जमेल. अमरावतीत राजापेठ ते राजकमल चौक एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याला आठ-दहा वर्षं लागतील.

शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून काही वेळ एका चालीने चालावं लागतं. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारत राहिलं तर तो चोंदतो. त्याचा दिवा लागला की अमरावतीहून मूर्तिजापूरपर्यंत सलग चाल द्यावी. दिवा विझला नाही तर वर्कशॉप गाठावं.

गैरसमज : एसयूव्ही म्हटली की सरकार जास्तच कर लावतं.

वस्तुस्थिती : २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे बदलले. चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसी किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असलेली गाडी १८ टक्क्यांत येते, मग ती दिसायला एसयूव्ही का असेना. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे. वरचा सेस गेला. पूर्वी क्रेटासारख्या गाडीवर जीएसटी आणि सेस मिळून ४५ टक्के, तर मोठ्या इंजिनाच्या एसयूव्हीवर ५० टक्के कर होता. त्यामुळे घरात चारच माणसं असतील, तर चार मीटरच्या आतली गाडी एकदा चालवून पाहावी. करातला फरक २२ टक्क्यांचा आहे.

गैरसमज : "उन्हाळ्यात टायरात हवा कमीच ठेवा लागते, नाईतर फुटते."

वस्तुस्थिती : सगळ्यांत घातक समज हाच आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती सतत दुमडतात आणि त्यातून आतच उष्णता तयार होते. वरून मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपार, आणि डांबर त्याहूनही तापलेलं. टायर बहुधा अशाच वेळी फुटतो. चालल्यावर हवेचा दाब थोडा वाढणार हे गृहीत धरूनच कंपनीने आकडा ठरवलेला असतो. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला सापडेल. टायरवर लिहिलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, तो भरायचा आकडा नव्हे. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरात तपासावी. माणसं आणि सामान भरून जायचं असेल तर त्यासाठीचा वेगळा आकडाही त्याच पट्टीवर असतो.

एकदा टायरजवळ बसून पाहा. बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे दिसतील. २३२१ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. खाचांच्या तळाशी जागोजागी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बदलण्याची वेळ झाली. खाचा शाबूत असल्या तरी पाच-सहा वर्षांचं, उन्हात तडकलेलं रबर भरवशाचं नसतं.

हे आता जास्त महत्त्वाचं झालं, कारण आपले रस्ते सुधारले. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंदलं गेलं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. धामणगाव किंवा कारंज्याजवळून समृद्धीवर चढलं की कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाळीसच्या चालीने निभावून गेलेला जुना टायर तिथे तासभरही टिकेल याची खात्री नाही.

गैरसमज : रेडिएटरला काय, बोअरचं पाणीही चालतं.

वस्तुस्थिती : पूर्णेच्या खोऱ्यात तर मुळीच चालत नाही. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं आहे. गाडी बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळू देऊन पाहा. बोनेटवर थेंबाथेंबाच्या जागी पांढरी कडी उमटतात. तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात, धातू गंजवतात आणि इंजिन तापायला लागतं. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये कंपनी सांगेल त्या प्रमाणात मिसळलेलं कूलंट साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. म्हणून कूलंट थंडीइतकंच उन्हाळ्यातही लागतं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नये. गाडी धुताना शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा, किंवा ओल्या फडक्याने लगेच पुसून घ्यावी.

गैरसमज : गाडी फिरलीच नाही, तर सर्व्हिसिंग कशाला?

वस्तुस्थिती : बहुतेक कंपन्या किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा सर्व्हिसिंग सांगतात. गाडी उभी असली तरी ऑइल जुनं होतं आणि उन्हाने बॅटरी लवकर थकते. वेळापत्रक चुकलं तर वॉरंटीचा दावा अडू शकतो. 'फ्री सर्व्हिस'मध्ये फक्त मजुरी माफ असते. ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. कच्च्या रस्त्याने रोज ये-जा असेल, तर एअर फिल्टर वेळापत्रकाच्या आधीच काढून पाहावा. धुळीने भरलेला फिल्टर अॅव्हरेजही खातो आणि ताकदही.

गैरसमज : "समोर गार्ड लावा, रोही आडवी आली तरी काई होत नाई."

वस्तुस्थिती : रोही आणि रानडुकरं आपल्या रस्त्यांवर खरोखर आडवी येतात, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण उपाय चुकीचा आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरडून धक्का पचवण्यासाठीच बनवलेला असतो. लोखंडी गार्ड तो धक्का सरळ चासीवर नेतं, आणि एअरबॅग उघडण्याची वेळही त्याने चुकू शकते. रस्त्यावरच्या माणसाला तर ते जीवघेणंच. म्हणूनच केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. रोहीवरचा खरा उपाय म्हणजे रात्रीचा आवरलेला वेग आणि स्वच्छ हेडलाइट.

गाडी नुसती मोठी दिसते म्हणून ती मजबूत ठरत नाही. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० ला प्रौढ प्रवाशांसाठी ५ तारे मिळाले. २०२२ मध्ये तेव्हाच्या क्रेटाला ३. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप चाचणीही सुरू आहे. आपण घेत असलेल्या मॉडेलचा निकाल पाहूनच बुकिंग करावं. पण तारे सीटबेल्ट लावलेल्या माणसासाठी असतात. लग्नाला जाताना पाचांच्या गाडीत आठ जण कोंबले तर त्यातल्या तिघांना पट्टाच उरत नाही. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे.

गैरसमज : फुल इन्शुरन्स आहे, नाल्यातून घातली तरी चालेल.

वस्तुस्थिती : हवा ओढण्याच्या वाटेने पाणी इंजिनात शिरलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि आतले दांडे वाकतात. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही; त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नये, टो करून आणावी. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. तसंच जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस मालकाचा असतो; तो नव्या गाडीला लावून घ्यावा.

गैरसमज : दिल्लीची जुनी डिझेल गाडी इथेही दहा वर्षांनी बाद होते, आणि स्टॅम्प पेपरवर सही झाली की सौदा पक्का.

वस्तुस्थिती : दहा वर्षांची अट राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशातून आली आणि ती दिल्ली-एनसीआरपुरती आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस पाहून ती पाच-पाच वर्षांनी वाढते. मात्र दिल्लीची गाडी आणली तर तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच-२७ किंवा एमएच-३० चा नवा नंबर, हा सगळा खर्च किमतीत धरा.

विकणाऱ्यानेही सावध राहावं. आरटीओत नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईला कागदावरचाच मालक जबाबदार धरला जातो, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यावं, आणि घेणाऱ्याने १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करावा.

शोरूममध्ये जाण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा : वर्षाला किती किलोमीटर, कोणत्या रस्त्यावर आणि किती माणसं घेऊन. त्यावरून इंजिन आणि लांबी ठरवा. टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी, एसी लावून, घरच्यांना बसवून घ्या. आणि बजेट ताणायची वेळ आलीच, तर सनरूफ सोडा, पण एअरबॅग आणि स्टॅबिलिटी कंट्रोल सोडू नका. वरचं मॉडेल न घेतल्याने जे पैसे वाचतील ते टायर, कूलंट आणि विम्यासाठी वेगळे ठेवा. गाडीत आपली लेकरं आणि म्हातारे आई-वडील बसणार आहेत. त्यांना सुखरूप पोचवणारा खर्च हाच आहे.