हॉटलाइन: महासत्तांमधील संदेशवहन

दोन महासत्तांमधील तणाव वाढतो, तेव्हा संदेश उशिरा पोहोचणे हाही एक मोठा धोका असतो. ऑक्टोबर १९६२ मधील क्यूबा क्षेपणास्त्र संकट पाहा. क्रुश्चेव्ह यांचे २६ तारखेचे पत्र केनेडींपर्यंत पूर्ण पोहोचायला सुमारे बारा तास लागले. त्याचे उत्तर जाण्याआधीच दुसऱ्या दिवशी अधिक कडक अटींचे नवे पत्र आले. २८ तारखेला सोव्हिएत माघारीची घोषणा चक्क मॉस्को रेडिओवरून करावी लागली.

म्हणून २० जून १९६३ रोजी जिनिव्हात हॉटलाइनचा करार झाला. चित्रपटांतला लाल टेलिफोन विसरा. ही टेलिप्रिंटरची जोडणी होती. तिची मुख्य तार लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम आणि हेलसिंकीमार्गे मॉस्कोला जात असे.

लेखी संदेशच का? बोलण्यात गैरसमज होतो, घाईचे भाषांतर चुकते. लेखी मजकूर पुन्हा वाचता येतो, उत्तराआधी विचार करता येतो. प्रत्येक बाजू आपल्याच भाषेत लिहीत असे.

लक्षात ठेवा, हॉटलाइनने मतभेद मिटत नाहीत; मात्र केवळ गैरसमजातून युद्ध पेटण्याची शक्यता कमी होते.