बत्तीस फुटांच्या भिंतीमागे

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम बुल्स संघाच्या मैदानात, डाव्या बाजूच्या उंच निळ्या भिंतीच्या डोक्यावर एक बैल उभा आहे. यजमान संघाच्या कोणी होमरन मारली की बैलाचे डोळे लाल होतात, शेपूट हलू लागते आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. त्याच्यावर लिहिलेल्या मजकुराचा मथितार्थ असा, की चेंडू बैलाला लागला तर मारणाऱ्याला स्टेक, आणि पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड. सॅलड म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस, हे कळल्यावर माझी शाकाहारी बहीण जरा दुखावलीच.

सगळे त्या बैलाचे फोटो काढत होते. माझं लक्ष होतं भिंतीतल्या धावफलकाकडे. इनिंग संपली, फलकावरची एक चौकट क्षणभर रिकामी, काळी झाली. मग आतून एक ‘०’ आला, थोडा तिरका बसला, पुन्हा कोणीतरी तो आत ओढला आणि सरळ करून लावला. मैदानात भलामोठा व्हिडिओ स्क्रीन झगमगत असताना इथे भिंतीच्या पोटात कोणीतरी हाताने शून्य सरळ करत होतं. भाच्याला विचारलं, आत कोण असतं रे? तो जवळच्याच केरी गावात राहतो, इथे वर्षानुवर्षं येतो. त्याच्या डोक्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. पण पोरगा हुशार. त्याने ईमेल पाठवून, ‘भारतातून आलेले मावसमामा लेखक आहेत’ वगैरे सांगून मला भिंतीमागे जायची परवानगी मिळवली.

आत एक निवृत्त गृहस्थ होते. सत्तरीच्या आसपासचे, गुडघ्याला पट्टा, कानात खेळाचं रेडिओवरचं वर्णन. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्यांनी हात वर करून सांगितलं, बत्तीस फूट. म्हणजे भिंतीची उंची. होम प्लेटपासून ही बाजू जेमतेम ३०५ फुटांवर आहे. एवढ्या अंतरावर साधं कुंपण असतं तर कोणाचाही अर्धवट बसलेला फटका होमरन झाला असता, म्हणून बत्तीस फूट. बोस्टनच्या फेनवे पार्कची सुप्रसिद्ध हिरवी भिंत ३७ फूट आहे आणि तिच्याही पोटात असाच हाताने चालवायचा फलक आहे, हे मी वाचून गेलो होतो. मी ते बोललो. त्यावर त्यांनी पुन्हा शांतपणे, बत्तीस पुरेशी आहे, असं ऐकवलं.

आत वास होता तो तापलेल्या लोखंडाचा, रंगाचा, आणि बाहेरून येणाऱ्या भाजलेल्या शेंगदाण्यांचा. जुलैतली कॅरोलायनाची दमट संध्याकाळ. एक पंखा होता, तो गरम हवाच फिरवत होता. आकड्यांच्या पाट्या भिंतीला टेकवून ओळीने उभ्या केलेल्या. काम सांगायचं तर एका वाक्यात संपतं: अर्धी इनिंग झाली की आकडा लावायचा, सामना संपला की सगळे काढायचे. पण ते बघण्यात माझा वेळ कसा गेला ते कळलं नाही. सगळ्यात जास्त पाट्या शून्याच्या. बेसबॉलमध्ये बहुतेक अर्ध्या इनिंगा कोरड्याच जातात, त्यामुळे शून्याच्या पाट्यांचे कोपरे बोटांनी झिजून त्यांचा रंग उडालेला. एक आणि दोन बऱ्यापैकी मळलेले. पाचच्या पुढे सगळं नवंकोरं. कोणत्या आकड्यावर किती हात पडले, ते पाट्यांच्या कडाच सांगत होत्या.

आझाद मैदानावर कांगा लीगचे सामने बघत मोठा झालेल्या माणसाला यात नवल वाटायला नको होतं. तिथे पत्र्याचे आकडे खिळ्याला अडकवायचे, आणि ते काम बॅटिंगची वाट बघत बसलेल्या पोरांच्या गळ्यात पडायचं. पण आपल्या फलकावर धावा, बळी आणि षटकं. कॅच कोणी सोडला ते तिथे कधी लागलं नाही. इथे धावा आणि हिट्सच्या शेजारी तिसरा रकाना असतो क्षेत्ररक्षणातल्या चुकांचा. शॉर्टस्टॉपच्या हातून चेंडू निसटला आणि स्कोररने ती चूक ठरवली, की आमचे गृहस्थ उठायचे, गुडघा धरून, आणि सगळ्या गावाला दिसेल असा एक आकडा वाढवायचे. चूक लावताना ते पाटी जरा हळू सरकवतात, असं मला वाटलं. तो शॉर्टस्टॉप बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा होता.

या मैदानाचं मर्म मला त्या पोरामुळे कळलं. डरहॅम बुल्स हा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या बरोब्बर एक पायरी खाली. १९९८ पासून तो टॅम्पा बे रेज या मेजर लीग संघाशी जोडलेला आहे. खेळाडू रेजचे, पगार रेज देणार, कोणाला कधी वर बोलवायचं तेही रेजच ठरवणार. जो चांगला खेळेल तो जाणार. त्यानं जावं यासाठीच तर सगळं चाललेलं असतं. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने छोट्या लीगांसाठी पहिला करार केला तेव्हा ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला साडेसतरा हजार डॉलरवरून ३५,८०० वर गेला. वरच्या पायरीवर त्याच वर्षी किमान होता ७ लाख २० हजार. एवढी उंच उडी समोर दिसत असताना डरहॅमसाठी कोण थांबेल? गावाने जीव लावायचा कोणाला? राहतं ते मैदान, बैल आणि भिंत. म्हणून या छोट्या लीगांच्या मैदानांना असल्या खोडी जडलेल्या असतात, असं माझं मत झालं आहे.

खोडी तरी किती! पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाला कुंपणापलीकडे रोलर कोस्टर आहे. सेंट पॉलमध्ये पंचाला चेंडू नेऊन द्यायला डुकराचं पिल्लू येतं. मॅसेच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचं वाकोना पार्क १९१९ चं, दिवे येण्याआधीचं. तिथे बॅटरचं तोंड पश्चिमेला. संध्याकाळच्या सामन्यात सूर्य थेट डोळ्यांत शिरायचा, मग खेळ थांबवून तो मावळायची वाट बघावी लागायची. हे ऐकून मला कुठल्याही वास्तुविशारदाविषयी वाटला नसेल एवढा जिव्हाळा त्या चुकलेल्या नकाशाविषयी वाटला. आणि ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या मैदानात डगआउट पहिल्या रांगेच्या थेट खाली होते, खेळाडूपर्यंत हात पोचायचा नाही. म्हणून पोरं दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापून, त्यात चेंडू आणि पेन ठेवून, दोरीने खाली सोडायची. खेळाडू सही करून दोरीला हिसका द्यायचा. चाळीतल्या गॅलरीतून भाजीवाल्याकडे पिशवी सोडावी, अगदी तसं. पॉटकेटचा संघ २०२० नंतर गावातून गेला, आणि त्याच सुमारास वरच्या लीगने जोडलेल्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. उरलेल्यांना मैदानांचे नवे निकष पाळायचे होते. दिवे इतके हवेत, कपडे बदलायच्या खोल्या अशा हव्यात. खेळाडूंसाठी ते योग्यच. पण दोरीने कॅन सोडायची सोय कुठल्या निकषात बसणार?

डरहॅमच्या बाबतीत मात्र थोडं ताकही फुंकून प्यायला हवं. हा जुनेपणा खरा नव्हे. मैदान १९९५ चं, आणि ज्या कंपनीने बाल्टिमोरचं जुन्या थाटाचं नवं मैदान काढलं तिनेच हेही काढलं. बैल तर मुळात गावाच्या जुन्या मैदानावर ‘बुल डरहॅम’ या १९८८ च्या सिनेमासाठी उभारलेला. लोकांना आवडला म्हणून राहिला, आजचा त्याचा वारसदार. शेजारचा तंबाखूचा कारखाना १९८७ मध्ये बंद पडला, आता तिथे ऑफिसं आणि रेस्टॉरंटं आहेत, लकी स्ट्राइकची चिमणी तेवढी हौसेने ठेवली आहे. हाताने चालणारा फलक हाही त्याच हौसेचा भाग. विजेवर चालवता आला असताच. हे मी गृहस्थांना जरा आडून विचारलं. त्यांनी शून्याची एक पाटी माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जड होती.

आणि नेमकं त्याच मैदानात, प्लेटजवळ, बॉल की स्ट्राइक यावरचा वाद आता कॅमेरे मिटवतात. बॅटरला पंचाचा निर्णय पटला नाही तर तो हेल्मेटवर टिचकी मारतो, स्क्रीनवर चेंडूचा मार्ग उमटतो, निकाल लागतो. मोठ्या लीगमध्ये जाण्याआधी ही यंत्रणा ट्रिपल-एच्या मैदानांवर पारखली गेली. गृहस्थांना त्याबद्दल राग नाही. पंचाला शिव्या कमी बसतात म्हणाले. फक्त त्यांच्या लेखी ती प्लेटजवळची भानगड. भिंतीकडे तिचं काही काम नाही.

भाचा नंतर म्हणाला, आता आपल्या मॉरिसव्हिललाही चल. तिथल्या चर्च स्ट्रीट पार्कवर क्रिकेटच्या मेजर लीगचे सामने झालेत, मायनर लीगचेही झालेत, आणि मराठी कानावर पडल्याशिवाय एक षटक जात नाही. गेलो. मैदान छान आहे, खोड अजून एकही जडलेली नाही. वेळ द्यायला हवा.

भिंतीमागून निघण्यापूर्वी मी ओळीतली शेवटची पाटी पाहिली. दहाची. रंग आरशासारखा, कोपरे धारदार. अर्ध्या इनिंगमध्ये दहा धावा, इतकं क्वचित घडतं की गृहस्थांच्या हातून ती एकदाही लागलेली नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत लावायची आहे म्हणाले. मी विचारलं, समजा ती पाहुण्या संघाच्या ओळीत लावावी लागली तर? कानातलं वर्णन त्यांनी थोडं बाजूला केलं, विचार केला आणि म्हणाले, चालेल. बैलाला सांगू नका.