आधी हवा, मग रंग

सकाळी 7:30. पुण्यात प्रभात रस्त्यामागच्या गल्लीतला जुना बंगला. तळमजल्यावर रस्त्याकडच्या बाजूला चीजचं दुकान होणार आहे, मागे रेस्तराँ. गवंडी यायच्या आत मी भिंतीवरचा आर्द्रतामापक बघून घेते. मे संपत आलाय. 33 अंश, आर्द्रता 40 टक्के. पाऊस लागला की हाच काटा 85 च्या पुढे जाईल. पिकत ठेवलेल्या चीजला मात्र बाराही महिने 10 ते 13 अंश आणि 80 ते 90 टक्के ओलावा लागतो. मी कागदावर पहिली रेघ ओढते ती या आकड्यांवरून. फरशी आणि रंग त्यामागून येतात.

8:30. सुतारमिस्त्री फळ्यांचं विचारतात. "ताई, सागवान लावू, पन्नास वर्षं बघायला नको." काउंटरला सागवान चालेल, चीजखालच्या फळीला नाही. सागाला स्वतःचं तेल असतं, वास असतो, आणि चीजमधली चरबी आजूबाजूचा वास पटकन धरते. फ्रान्समध्ये काँते नावाचं चीज स्प्रूसच्या बिनपॉलिशच्या फळ्यांवर पिकवतात; लाकूड ओलावा शोषतं आणि हळूहळू परतही देतं. आम्हीही तसंच कोरडं, बिनवासाचं लाकूड घेतोय. फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, काढून घासता आल्या पाहिजेत. मिस्त्रींनी त्यासाठी खाचेची पट्टी सुचवली. माझ्या नकाशातल्या ब्रॅकेटपेक्षा ती सरस आहे.

10:00. आजचं खरं काम डक्टचं. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू करून मी दुकानाच्या दारात उदबत्ती धरते. धूर आडवा होऊन थेट आत ओढला जातो. एका अर्थी हे बरंच आहे, कारण लसणाची फोडणी दुकानात येणार नाही. पण ओढ इतकी असेल तर मागोमाग रस्त्यावरची गरम हवा आणि धूळ आत शिरेल, थंडावा टिकणार नाही आणि कापलेल्या चीजच्या कडा सुकतील. पंखा बाहेर टाकतो त्या हवेतली साधारण 80 टक्के तरी चुलीजवळच परत पुरवायला हवी. दुकानाला गाळलेल्या ताज्या हवेची स्वतंत्र वाट हवी, म्हणजे तिथला दाब किंचित जास्त राहील. डक्टवाले म्हणतात, खर्च वाढेल. वाढेलच, पण तो मी छताच्या सजावटीतून काढेन. छत साधं राहिलं तर ब्री चीजचं काही बिघडत नाही.

याच हिशेबात काचाही येतात. 26 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या खोलीत दवबिंदू 18 अंशांच्या आसपास असतो. थंड कपाटाला एकेरी काच लावली तर पहिल्या पावसातच तिच्यावर पाणी धरेल आणि आतलं काही दिसणार नाही. म्हणून दुहेरी काच. आणि निळ्या बुरशीच्या चीजला कपाटही वेगळं, कारण तिचे कण शेजारच्या चीजवर जाऊन बसतात.

दुपारी 2:00. मालकीणबाई स्वतः चीज करतात. त्यांना दुकान आणि रेस्तराँ यांच्यामध्ये मोकळी कमान हवी आहे. "अहो, जेवणाऱ्याला चीज दिसलं पाहिजे ना?" दिसलंच पाहिजे, म्हणून तर माणसं इथे येणार. त्यांचं हे म्हणणं मला मनापासून पटतं. पण दिसण्यासाठी मोकळी कमानच लागते असं नाही. मधल्या भिंतीत पिकवण्याच्या खोलीची मोठी दुहेरी काच बसवू आणि दार बाजूला, आपोआप मिटणारं ठेवू. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या, मग टेपचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या. टेबलाटेबलावर राक्लेत चीज वितळवायचा बेत सोडून हूडखाली एकच जागा करायचं ठरलं. पारशी टोपली पनीर निवळीत बुडवूनच ठेवावं लागतं, तेव्हा काउंटरच्या टोकाला निचऱ्याची मोरीही वाढली. पार्मिजानोचं अख्खं व्हील 40 किलोच्या आसपास भरतं. ते फोडायला वरून जोर लागतो, म्हणून तेवढं टेबल कमरेच्या खाली.

4:30. पश्चिमेचं ऊन आत येतं. चीजवर सतत उजेड पडला की चरबी खवट होते. बाहेर छज्जा, आत आवरणातले एलईडी. 3000 केल्व्हिनचा दिवा तुकड्यावर धरून पाहिला. याहून पिवळ्या उजेडात ताजं पांढरं चीज शिळं वाटतं.

7:00. दाराची नवी जागा, हवेची वाट आणि मोरी नकाशावर चढवून ठेकेदाराला पाठवली. उद्या सकाळी गवंडी कमानीसाठी भिंत फोडणार होते. त्यांच्या मुकादमाला फोन करून ते काम थांबवलं.