टाळ्यांना गुण किती?

(द्वितीय वर्ष कला)

स्पर्धा म्हटली की परीक्षक आले, गुणपत्रिका आल्या आणि निकालानंतरची कुजबुजही आली. पण मैदानाभोवती ऊन सोसत बसलेल्या शेकडो माणसांचे काय? ती टाळ्या वाजवतात, शिट्ट्या मारतात आणि निकालाच्या वेळी मात्र त्यांना कोणी विचारत नाही. बँडपथकांच्या व संचलनाच्या स्पर्धांत प्रेक्षकांनाही मत असावे काय, या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे मी येथे योजिले आहे.

प्रथम परीक्षक काय करतात ते पाहू. अमेरिकेत ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था तरुणांच्या बँडपथकांच्या स्पर्धा भरवते. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली झाली. आरंभीच्या काळात परीक्षक चुका मोजत आणि दर चुकीला एक दशांश गुण कापत. १९८४ पासून ही पद्धत सोडून रचना व सादरीकरण यांना गुण देणे सुरू झाले. तेथे १०० पैकी ४० गुण एकूण परिणामाला, ३० दृश्य बाजूला आणि ३० संगीताला असतात. गुण किती बारीक मोजले जातात याचे उदाहरण २००८ सालचे. त्या वर्षी अंतिम फेरीत ‘फँटम रेजिमेंट’ला ९८.१२५ आणि ‘ब्लू डेव्हिल्स’ला ९८.१०० गुण मिळाले. अवघ्या ०.०२५ गुणाने अजिंक्यपद ठरले!

इतके बारीक कान सामान्य माणसाला कोठून असणार, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. केवळ बसण्याच्या जागेने किती फरक पडतो पाहा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानात पुढच्या रांगेपासून ४५ मीटर मागे उभ्या असलेल्या ढोलाचा ठोका पुढे पोहोचायला सेकंदाचा जवळजवळ आठवा भाग लागतो. मिनिटाला १२० पावलांच्या चालीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो, म्हणजे ही पाव ठोक्याची चूक झाली. म्हणून मागचे वादक आपला ठोका सांभाळून धरतात आणि पुढचे वादक मागून येणारा आवाज ऐकून त्यावर वाजवतात. दोन्ही आवाज प्रेक्षकांपर्यंत एकत्र पोहोचावेत यासाठी हा खटाटोप असतो. कडेला बसलेल्या माणसाला जवळची तुतारी तेवढी ऐकू येते आणि मैदानावरची आकृती तर दिसतच नाही. उंचावर बसलेल्या परीक्षकाला ती दिसते.

तरीही लोकांना विचारून पाहण्याचा प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी प्रथमच ‘मायगव्ह’ या सरकारी संकेतस्थळावरून उत्कृष्ट संचलन-पथकासाठी व चित्ररथासाठी जनतेची मते घेण्यात आली. परीक्षकांनी तिन्ही सेनादलांत नौदलाचे पथक पहिले ठरवले. जनतेने हवाईदलाचे निवडले. चित्ररथांत परीक्षकांची पसंती उत्तर प्रदेशाला मिळाली आणि जनतेची आपल्या महाराष्ट्राला. जैवविविधता हा आपला विषय होता. मराठी माणूस म्हणून मला आनंद झाला. पण विद्यार्थिनी म्हणून शंकाही आली. मत देणाऱ्यांनी सगळे चित्ररथ पाहिले होते, की फक्त आपल्या राज्याचा? नुसत्या मतावरून हे कळत नाही. पुढे २०२३ मध्ये परीक्षकांनी उत्तराखंड आणि २०२४ मध्ये ओडिशा निवडले. जनतेने दोन्ही वर्षी गुजरात निवडले. एक गोष्ट मात्र येथे चांगली झाली. दोन्ही निकाल वेगवेगळे जाहीर झाले, त्यामुळे एकाने दुसऱ्याला झाकले नाही.

दोन्ही मते एकत्र मिसळली तर काय होते, हे युरोपातील ‘युरोव्हिजन’ या गीतस्पर्धेत दिसते. तेथे २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षक व प्रेक्षक यांना निम्मा निम्मा वाटा मिळाला. आपल्याच देशाला मत देता येत नाही, हा तेथला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. २०२३ साली प्रेक्षकांनी फिनलंडला ३७६ आणि स्वीडनला २४३ गुण दिले. परीक्षकांनी स्वीडनला ३४० आणि फिनलंडला १५०. बेरजेत स्वीडन जिंकले. लोकांचा पहिला क्रमांक एक आणि विजेता दुसराच, म्हणून पुष्कळ वाद झाला.

या प्रश्नाशी माझा घरचा संबंध आहे. माझे वडील बँडपथकात क्लॅरिनेट वाजवतात. कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. आबांना गुणपत्रिका ठाऊक नाही. ते म्हणतात, “अगं, वरातीत नाचणाऱ्याचा पाय अडला की समजायचं, आपली लय गेली. त्याला कुणी शिकवलेलं असतं काय?” लोकांच्या कानावर माझा विश्वास आहे तो असा. परंतु दुसरी बाजूही मी घरातच पाहिली. वरातीत परीक्षक नसतो, सारे काही श्रोत्यांच्या हाती. परिणामी संबंध लग्नसराईत तीच दहा-बारा सिनेमाची गाणी वाजतात. आबांना भूप रागातली एक सुंदर धून येते. ती ते पहाटे, सराव करताना, आमच्या ओट्यावर वाजवतात. ती वाजवा असे वरातीत त्यांना आजवर कोणी म्हटलेले नाही. नुसते परीक्षक असले तर वादक तीन खुर्च्यांकडे पाहून वाजवतो. नुसते प्रेक्षक असले तर नवे, अवघड असे काही वाजवण्याची त्याची हिंमत होत नाही. नुकसान दोन्हीकडे वाद्याचेच होते.

म्हणून आपल्या स्नेहसंमेलनातील लेझीम व बँडच्या स्पर्धेसाठी विद्यार्थी मंडळापुढे मी काही सूचना ठेवते. पहिला क्रमांक परीक्षकांनीच द्यावा. प्रेक्षकांची ढाल वेगळी असावी. मतपत्रिका शेवटचे पथक वाजवून झाल्यावरच वाटावी, म्हणजे मत देणाऱ्याने सगळी पथके ऐकलेली असतील. प्रत्येकाने तीन पथकांना क्रमांक द्यावेत आणि आपल्या वर्गाच्या पथकाला देऊ नये. पथके कोणत्या क्रमाने वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. कारण शेवटी ऐकलेले अधिक लक्षात राहते. आणि परीक्षकांनी निकालानंतर पाच मिनिटे माईकवर येऊन, कोणाला का निवडले ते साध्या शब्दांत सांगावे.

या शेवटच्या सूचनेला मी सर्वांत अधिक महत्त्व देते. दोन्ही निकाल एकच लागले तर आनंदच आहे. वेगळे लागले तर परीक्षकांना काय ऐकू आले जे आपल्याला आले नाही, हे प्रेक्षकांना कळेल. आणि लोक कशाने हलले, हे परीक्षकांना कळेल. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर अधिक चांगले कान घेऊन माणसे बसतील. मग एखाद्या पथकाने भूपातली धून वाजवली, तर तीही कोणीतरी मन लावून ऐकेल.