दगडातला समुद्र

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथील आम्ही मंडळी रोज लोकलने मुंबईस जातो. गाडी शेवटच्या स्थानकात शिरली की घड्याळ पाहत धावत सुटतो. डोक्यावरच्या भिंतीत काय कोरले आहे, हे पाहावयाचे राहूनच जाते.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत १८७८ ते १८८७ या काळात उभी राहिली. १९९६ साली तिला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. २००४ साली ती जागतिक वारसा ठरली. तिच्यावरचे कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेतील, म्हणजे आजच्या जे. जे.तील, विद्यार्थ्यांनी केले. आराखडा विलायती धाटणीचा. पण खांबांवर आणि कमानींवर मोर, वानर, नाग-मुंगूस व वेली आल्या त्या आपल्याकडच्या.

आता दगडाकडे वळू. मुंबईच्या त्या काळातील अनेक सार्वजनिक इमारतींत नक्षीसाठी पोरबंदरी दगड वापरला आहे. हा दगड म्हणजे किनाऱ्याचीच निर्मिती. समुद्रातील अतिसूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांची वाळू साचली, सांधली गेली आणि तिचा खडक झाला. म्हणजे दगडी पानाफुलांत समुद्र आधीपासूनच होता म्हणा ना!

हा दगड मऊ; छिन्नीला सहज वश होतो. त्यात पान, पीस, खवले बारकाईने उठतात. परंतु जो गुण तोच दोष. धुरातील आम्ल पावसाच्या पाण्यात मिसळते आणि चुना विरघळू लागतो. आधी पानाची शीर जाते, मग पक्ष्याची चोच.

याउलट आमच्या अंबरनाथचे शिवालय पाहा. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०चे, शिलाहारांच्या राजवटीतले. त्याचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो कोरावयास फार कठीण, पण टिकाऊ. तरीही साडेनऊशेहून अधिक पावसाळ्यांनी तेथील मूर्तीही झिजविल्याच आहेत.

दोन्हीकडे राजाचे वा स्थापत्यकाराचे नाव उरले. छिन्नी धरणाऱ्या बहुतेक हातांची नावे मात्र उरली नाहीत. त्यांची ओळख एवढीच, की त्यांनी कोरलेले पान अजून दिसते. ते पुसले की तीही गेली. जतन करणे हे सरकारी खात्याचे काम खरे; पण जे कोणी पाहतच नाही, त्याच्या जतनाचा आग्रह तरी कोण धरणार? उद्या गाडीतून उतरल्यावर क्षणभर मान वर करू या. पुढची लोकल चुकली तरी चालेल.