गोदाकाठच्या मेंढपाळांचे हिवाळ्यारंभीचे दैनंदिन जीवन

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान (१६०८) म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. गोदावरीच्या उत्तरेकडील हा काळ्या जमिनीचा प्रदेश शेतकरी व मेंढपाळ ह्यांच्या परस्परावलंबनाच्या दृष्टीनेही अभ्यसनीय आहे. कुंपण घातलेले कायमचे कुरण आणि त्यात पोसलेला कळप ही कल्पना येथील धनगरांच्या फिरत्या मेंढपाळीस लागू पडत नाही. मेंढपाळाचे कुरण म्हणजे दुसऱ्याचे पीक निघालेले शेत, आणि त्याचा गोठा म्हणजे त्याच शेतात रात्रीपुरती उभारलेली जाळीची वाघर. म्हणून त्याचा दिनक्रम समजून घ्यावयाचा तर शेत मोकळे केव्हा होते व किती दिवस मोकळे राहते, ह्या प्रश्नापासूनच आरंभ केला पाहिजे.

१. ऋतू आणि रान

ह्या भागात वर्षाकाठी सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत येतो. दिवाळीच्या सुमारास बाजरी, मूग, उडीद व सोयाबीन ही पिके निघालेली असतात. रब्बीची ज्वारी व हरभरा उगवून वर येत असतात आणि कापसाची वेचणी चालू असते. म्हणजे एकाच शिवारात काही शेते रिकामी आणि काही शेते भरलेली अशी स्थिती असते. मेंढपाळास रिकाम्या शेतातील धसकटे, बांधावरचे गवत व गळालेला पाला हवा असतो. मात्र तेथे पोहोचण्यासाठी कळप उभ्या पिकाच्या कडेकडेने न्यावा लागतो. ह्या दिवसांत कळपापुढे एक व मागे एक असे दोन माणसांचे बळ अत्यावश्यक ठरते, त्याचे कारण हेच.

धोका केवळ पिकाच्या नुकसानीचा नसतो. कोवळ्या, खुरटलेल्या किंवा कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होण्याची शक्यता असते. अशी ज्वारी खाल्लेले जनावर थोड्याच वेळात धापा टाकून कोसळते. ह्यासच 'किराळ लागणे' म्हणतात. सोयाबीनच्या खळ्यावर सांडलेले दाणे मेंढीने अधिक खाल्ले तरी पोट फुगून ती दगावते. सारांश, हे रान समृद्ध खरे, परंतु निर्धोक नव्हे.

२. दिवसाची विभागणी

हिवाळ्यात कळप पहाटे बाहेर काढीत नाहीत. दव पडलेल्या गवताच्या पात्यांवर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात आणि ओले गवत मेंढ्यांना बाधते, हे मेंढपाळ अनुभवाने जाणतो. त्यामुळे ऊन चढून दव वाळेपर्यंतचा वेळ वाड्यावरच जातो. वाडा म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा व त्यांच्या कळपांचा तळ. ह्या वेळात कोकरे आयांना पाजली जातात, लंगडणाऱ्या मेंढीचे खूर तपासले जातात, रात्री व्यालेल्या मेंढ्या वेगळ्या काढल्या जातात.

मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. पावसाच्या आरंभी हिरव्या चाऱ्यावर फळलेल्या मेंढ्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात. रात्रीचे तापमान डिसेंबरात १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरत असता ओले कोकरू तास-दोन तासही उघड्यावर राहिले तर जगण्याची शक्यता कमी होते. शिवाय लांडग्यांच्या पिल्लांचा काळही साधारणतः हिवाळ्यातच येतो. कळप चरावयास गेल्यावर लहान कोकरे वाड्यावरच ठेवली जातात, आणि त्यांच्याभोवतीचा सारा संसार स्त्रिया सांभाळतात. पाला आणणे, दुबळ्या कोकरास दुसऱ्या मेंढीस लावणे, स्वयंपाक करणे आणि मुक्काम हलला की घोड्यावर बिऱ्हाड लादणे ही कामे त्यांचीच. कळप राखणारा पुरुष डोळ्यांसमोर असतो, म्हणून मेंढपाळी हा पुरुषांचा धंदा असा समज होतो. वस्तुतः नव्या पिढीच्या कोकरांपैकी किती वाचतात, हे मुख्यत्वे वाड्यावर ठरते.

३. रात्रीची बसणी

सूर्यास्तास कळप परततो आणि ठरलेल्या शेतात बसविला जातो. ह्या व्यवहाराचे हे केंद्र होय. कृषिविषयक ग्रंथांत मेंढी-शेळीच्या खतात नत्र सुमारे ३ टक्के, स्फुरद १ टक्का व पालाश २ टक्के असे प्रमाण दिलेले आढळते. सामान्य शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. शिवाय उकिरड्यात वाया जाणारे मूत्र येथे थेट मातीत मुरते आणि वाहतुकीचा खर्च उरत नाही. त्याच्या मोबदल्यात शेतकरी धान्य देई. अलीकडे रोख रक्कमही दिली जाते. वाघर दररोज थोडी सरकवीत नेली की काही रात्रींत सर्व शेत खतावले जाते. परंतु हे सर्व रान नांगरण्यापूर्वी किंवा पुढील पेरणीपूर्वी व्हावयास हवे. चाऱ्याप्रमाणे खतालाही मोकळे शेतच लागते.

गुंथर सोंथायमर ह्यांनी १९७६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा ह्या दैवतांचा पशुपालक समाजाच्या अंगाने विचार केला आहे. मार्गशीर्षातील चंपाषष्ठी ह्याच दिवसांत येते. खंडोबाच्या दोन पत्नींपैकी म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची, ही कथा स्थिर व फिरत्या समाजांच्या नात्याचे प्रतिबिंब म्हणून वाचता येते. ते नाते प्रेमाचे तसेच कुरबुरीचेही आहे, आणि शिवारातील व्यवहारही त्याहून वेगळा नाही.

४. लोकर

दख्खनी मेंढी बहुधा काळी व राठ लोकरीची असून तिची कातरणी वर्षातून दोनदा होते. ह्याच लोकरीची घोंगडी विणली जाई व चिंचोक्याच्या खळीने ती ताठ केली जाई. आज कृत्रिम धाग्याची स्वस्त पांघरुणे आल्याने लोकरीस उठाव नाही. अनेकदा कातरणीची मजुरीही त्यातून निघत नाही. कळपाचे उत्पन्न आता मुख्यतः मांसासाठी विकल्या जाणाऱ्या कोकरांवर अवलंबून आहे. त्यामुळे वर वर्णिलेल्या कोकरांच्या दिवसांचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

५. आकसणारा अवकाश

पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याने जालना व परभणी जिल्ह्यांतील जमिनीस पाणी पोहोचविले. शेतीस त्याचा लाभ झाला, हे निर्विवाद आहे. परंतु पाणी आले की ऊस येतो, आणि ऊस वर्षभर वा त्याहून अधिक काळ शेत अडवून ठेवतो. जेथे सोयाबीन निघताच हरभरा पेरला जातो, तेथे दोन पिकांमधील मोकळे दिवस मोजकेच उरतात. शासनाच्या महामेष योजनेत (२०१७) २० मेंढ्या व १ नर असा गट अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली. मेंढ्या देणे आवश्यकच आहे. पण अनुदानाने मेंढ्या मिळतात, मोकळे शेत मिळत नाही.

तेव्हा मेंढपाळीच्या ऱ्हासाचे कारण केवळ धनगरांच्या 'भटक्या वृत्ती'त किंवा जनावराच्या निकृष्ट जातीत शोधणे अपुरे ठरेल. ह्या प्रदेशात कळप किती टिकतील, हा पीकपद्धतीचाही प्रश्न आहे. गावोगावच्या शिवारात कार्तिक ते पौष ह्या काळात कोणते शेत किती दिवस मोकळे राहते, ह्याची नोंद ठेवणे हे साधे परंतु उपयुक्त क्षेत्रकार्य होईल. मेंढपाळ ती नोंद मनात नित्य ठेवीतच असतो.