अंगणांतला गवई अंगणांतच बरा

भाद्रपदाची रात्र. घर पाहुण्यांनीं भरलेलें. ओटीपासून माजघरापर्यंत अंथरुणें पसरलेलीं. दिवा मालवला, बोलणीं थांबलीं, आणि फडताळामागून एकदम ‘किर्रर्र’ असा आवाज सुरू झाला. कोणी उठून फडताळावर थाप मारावी, तों आवाज बंद. पुनः आडवें व्हावें, तों आवाज सुरू. असा प्रसंग ज्या घरावर आला नाहीं, असें घर कोंकणांत तरी विरळाच. अंगणांतून ऐकूं येणारा रातकिडा पावसाळ्याची शोभा वाटतो. तोच उशाशीं आला, कीं सर्वांची झोप मोडतो. त्याला बाहेर कसें ठेवावें, आणि तें करतांना इतर निरुपद्रवी जीवांचा बळी कसा जाऊं देऊं नये, याविषयीं अनुभवाच्या चार गोष्टी येथें सांगावयाच्या आहेत.

आमच्या घरीं २०१४ सालीं गौरी-गणपतीस अठरा माणसें जमलीं होतीं. मागल्या सणास नेसून तशीच घडी घालून ठेवलेली रेशमी साडी काकूंनीं फडताळांतून काढली, तों पदराजवळ बोटभर भोंक! फडताळामागें पळणारे दोन-तीन रातकिडे पाहून चोर कोण, हें कळलें. आमच्या वडील चुलतबंधूंनीं त्याच संध्याकाळीं बाजारांतून कीटकनाशक पांढरी भुकटी आणली, आणि मोरी, न्हाणीघर, चुलीची मागील बाजू, उंबरठे, सर्वत्र ती पसरली. दोन रात्री शांततेंत गेल्या.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं न्हाणीघराच्या पायरीपाशीं एक भेक उताणा पडलेला आढळला. हा आमच्या घरचा जुना भाडेकरी. दर पावसाळ्यांत त्याच पायरीखालीं त्याचें बिऱ्हाड असे, आणि त्याच्या बैठकीवरून मुलांनीं त्याला ‘मुनीमजी’ असें नांव दिलें होतें. दुसरा भेक मोरीच्या तोंडाशीं मरून पडला होता. विषानें अर्धमेले झालेले रातकिडे त्यांनीं आयते खाल्ले होते. मुलें रडूं लागलीं. त्या गडबडींत पुतणीचें दहा महिन्यांचें लेंकरूं रांगत उंबरठ्यापाशीं गेलें, आणि त्याचे दोन्ही तळवे पांढरे झाले. हात तोंडाकडे जाण्यापूर्वींच वहिनींनीं त्याला उचललें व साबणानें धुऊन काढलें. अपाय कांहीं झाला नाहीं. पण घरांतील सर्वांच्या तोंडचें पाणी पळालें.

त्या दुपारीं आजी म्हणाल्या, “अरे, त्या किड्याला तुमचें घर नको आहे. त्याला ओल हवी, काळोख हवा आणि खरकटें हवें. तीं तुम्हीं ठेवलींत, म्हणून तो आला. आधीं तीं काढा.” त्यांचें म्हणणें त्या वर्षीं कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. पुढील भाद्रपदांत रातकिडे पूर्वींइतकेच आले. भेक मात्र आला नाहीं.

रातकिड्याची राहणी समजून घेतली, तर आजींच्या म्हणण्यांतील तथ्य ध्यानीं येतें. गातो तो फक्त नर, आणि तोही गळ्यानें नव्हे. एका पुढच्या पंखाच्या शिरेवर कंगव्यासारखे बारीक दांते असतात. त्यांवर दुसऱ्या पंखाची कडा घांसून तो मादीस हांक मारतो. ती हांक ऐकावयाचे कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्यांच्या खालीं! ऊन हवेंत हें गाणें जलद होतें, थंडींत मंदावतें. अमेरिकेंतील पदार्थविज्ञानवेत्ते एमॉस डॉल्बेअर यांनीं तर १८९७ सालीं या किरकिरण्याच्या गतीवरून हवेचें उष्णमान काढण्याचें सूत्रच प्रसिद्ध केलें. मादी ओलसर मातींत अंडीं घालते. काळाभोर मोठा रातकिडा शेतांतून दिव्यावर झेंप घेत येतो. पिवळट तपकिरी, बारका रातकिडा चुलीमागें नि भिंतीच्या फटींत वस्तीच करतो. पाला, धान्याचा कण, मेलेला किडा, सारें त्यांना चालतें. आणि घामाचा किंवा अन्नाचा डाग पडलेलें कापड ते आवडीनें कुरतडतात.

तेव्हां पहिला उपाय दिव्याचा. निळसर पांढऱ्या प्रखर दिव्याकडे हे किडे धांवतात. पिवळसर मंद दिव्याकडे त्या मानानें कमी. ओटीवर पिवळा दिवा लावावा, त्याचा प्रकाश खालीं पडेल असें करावें, आणि काम संपतांच तो मालवावा.

दुसरा उपाय वाटा बंद करण्याचा. दाराखालीं पाव इंच फट राहिली, तरी रातकिड्यास तो राजमार्गच. दाराच्या खालच्या कडेस रबराची किंवा जाड कापडाची पट्टी ठोकावी. मोरीच्या तोंडास बारीक जाळी बसवावी. भिंतींतल्या भेगा चुना-सिमेंटानें बुजवाव्या. मात्र भेग बुजविण्यापूर्वीं आंत पालीचें किंवा चिचुंदरीचें बिऱ्हाड नाहीं ना, हें पाहण्यास विसरूं नये.

तिसरा उपाय स्वच्छतेचा व कोरडेपणाचा. सरपण, नारळाच्या झावळ्या, रद्दी आणि पालापाचोळा भिंतीस टेकून ठेवूं नये. सात-आठ हात दूर रचावा. गळकी तोटी दुरुस्त करावी. रात्रीं खरकटें उघडें राहूं देऊं नये. रेशमी व लोकरी वस्त्रें धुऊन, पूर्ण वाळवून, मगच झांकणाच्या पेटींत ठेवावीं. आमच्या साडीवर जेथें भोंक पडलें, तेथेंच सणाच्या जेवणांतील आमटीचा डाग होता, हें काकूंनीं पुढें स्वतःच सांगितलें.

इतकें करूनही एखादा आंत शिरलाच, तर वीतभर उंचीची, अरुंद तोंडाची कांचेची बरणी घ्यावी. आंत कोंडा आणि बटाट्याची साल टाकावी, व बाहेरून तोंडापर्यंत खरखरीत पुठ्ठ्याचा उतार लावून ती रात्रभर कोपऱ्यांत ठेवावी. गुळगुळीत कांचेवर रातकिड्याचा पाय ठरत नाहीं. चुकून पाल आंत गेली, तर ती मात्र कांच चढून सुखानें बाहेर येते. सकाळीं बरणी बागेच्या टोकाशीं रिकामी करावी. चिकट कागदाचे सांपळे मात्र आणूं नयेत. त्यांना रातकिडा काय आणि पालीचें पिलूं काय, सारखेंच. आणि त्यांवरचें मरण फार सावकाश येतें.

पाल, भेक, कोळी, दयाळ, पिंगळा हे सारे रातकिडे खाणारे. म्हणजे घराचे बिनपगारी रखवालदारच. विष टाकणारा स्वतःच्या रखवालदारांस आधीं मारतो. मोठ्या जगांतही हेंच घडलें. डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं शोधला, व १९४८ सालीं त्यांना त्यासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. हिंवतापापासून त्या द्रव्यानें असंख्य माणसें वांचवलीं, हें खरेंच. पण तें किड्यांमाशांतून पक्ष्यांच्या शरीरांत सांचत जातें, हें रेचेल कार्सन यांनीं १९६२ सालीं आपल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथांत जगापुढें मांडलें. आपल्या देशांत शेतीसाठीं त्याचा वापर १९८९ सालीं बंद झाला. ज्या गोष्टीनें राष्ट्रांना विचार करावयास लावलें, तिचा विचार आपण आपल्या मोरीपुरता तरी करावा.

आमच्या घरीं २०१५ पासून हे उपाय सुरू झाले. दारांच्या पट्ट्या वडील बंधूंनींच स्वतः ठोकल्या. भुकटीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहींत, व कोणी त्यांना विचारलेंही नाहीं. आंतलें किरकिरणें बहुतेक थांबलें. २०१७ सालच्या पावसांत एका सकाळीं न्हाणीघराच्या पायरीखालीं दोन डोळे लुकलुकतांना दिसले. भेक नवा होता, अंगानें बारका होता. पण मुलांनीं त्याला मुनीमजीच म्हटलें. आजींनीं पायरीवर पाणी ओततां ओततां हात आंखडता घेतला आणि म्हणाल्या, “हळू रे, घरचें माणूस बसलें आहे.”

त्या रात्रीं अंगणांत रातकिडे गात होते, आणि घरांत सर्वांना गाढ झोप लागली.